पोटासकट वर्दी

११ जानेवारी

आज पँटचं बटन लागलं नाही!

पहाटे, कडाक्याच्या थंडीत, बल्बाखाली उभी राहून मी पोट आत ओढून ओढून थकले. परवापर्यंत लागत होतं. बाहेर माझा नवरा राजदीप सफारीची जिप्सी चालू करून हॉर्न देतोय आणि मी दार लावून एकटीच हसत सुटले. म्हणजे खरंच कोणीतरी आहे आत. सिस्टरनं सांगितलं होतं, सोनोग्राफीत दिसलं होतं, तरी मला ते दुसऱ्याच कोणाचं वाटायचं. आज बटनानं सांगितलं तेव्हा पटलं.

केसांचं रबर काजातून ओवलं, बटनाला अडकवलं, वरून जॅकेट चढवलं. झालं काम.

जिप्सीत मात्र आता बसायचं नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, जंगलातले धक्के नकोत. व्याघ्रप्रकल्पाच्या मोहर्ली गेटवर गाईड झाल्यापासून सगळ्या गाड्या आत गेल्या आणि मी फाटकाबाहेरच राहिले, असं पहिल्यांदा झालं. गेटवरच्या साहेबांनी पर्यटकांची ओळखपत्रं तपासायचं आणि जंगलाची माहिती सांगायचं काम दिलंय. आतून सांबर ओरडलं तसे माझे पाय आपोआप निघाले. सोबतच्या नूतनची फेरी नव्हती, तिनं दंड धरून बसवलं.

१९ जानेवारी

रबर तुटलं. कधी? नागपूरच्या शाळेची पन्नास पोरं समोर उभी असताना. मी सांगत होते, वाघ आपली हद्द कशी राखतो, आणि पोटावर टप्पकन आवाज झाला. पँट खाली निघाली. एका हातानं दुर्बीण, दुसऱ्या हातानं जॅकेटच्या खिशातून पँट धरली. तेवढ्यात नूतन मागं येऊन उभी राहिली, जॅकेटखाली हात घालून माझा कमरपट्टा मुठीत धरला आणि तोंडानं पोरांना सांगते, "ऐका ऐका, मॅडम महत्त्वाचं सांगून राह्यल्या!" मी अख्खं भाषण तसंच पूर्ण केलं. शेवटी एका पोरानं विचारलं, "वाघिणीला किती पिल्लं होतात?" नूतन हसून हसून खाली बसली, तेव्हा परत मलाच पँट धरावी लागली.

नूतन आणि मी एकाच बॅचच्या गाईड. तिच्या लग्नाला माझ्याहून बरीच जास्त वर्षं झाली, घरात लेकरू नाही. म्हणून तिच्यासमोर मी फार बोलत नाही. पण आज तिनंच माझ्या पोटावर हात ठेवला आणि म्हणाली, "रंजी, असं नाई चालाचं. तू शिवणक्लास केला ना? मंग बस मशीनवर."

२ फेब्रुवारी

मशीनवर बसले!

जुन्या वर्दीच्या पँटचा पुढचा कमरपट्टा कापला, चेन काढून टाकली आणि तिथं बनियानच्या कापडाचा रुंद पट्टा लावला. पोटावरून वर छातीखालपर्यंत येतो. ताणला की ताणतो, सोडला की पोट धरून राहतो. घालून पाहिली आणि अंगणात तीन चकरा मारल्या. उकिडवी बसले, उठले, वाकले. स्वर्ग!

राजदीप आंघोळ करून आला. "अवो, माही नवी बनियान कुठी हाये?"

मी पोटावरचा शर्ट वर केला. तो बघतच राहिला. मग म्हणाला, "लेकराले बापाचीच बनियान पाह्यजे होती का पहिल्यांदा?"

सासूबाई ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "आमच्या टायमाले लुगडं होतं. पोट वाढलं का निरी ढिली कराची, पोट उतरलं का आवळाची. लुगड्यानं कधी कटकट केली नाई." भागीरथाबाईंना, म्हणजे सासूबाईंना, माझी पँट पहिल्या दिवसापासून डोळ्यांत खुपते, हे मला माहीत आहे. पण गोष्ट विचार करण्यासारखी आहे. नऊ महिने एकच कापड, न कापता, न शिवता! माझी बनियान सातव्या महिन्यात पुरेल का?

रात्रीच्या जेवणाआधीच पँट परत उसवली आणि दोन्ही बाजूंना नाड्या लावल्या. ढिली करता येते, आवळता येते.

५ फेब्रुवारी

साहेबांकडे गेले. नियमात शर्ट पँटच्या आत खोचायचा असतो. मी म्हटलं, "साहेब, आता खोचता नाई येत."

साहेब एकदम छताच्या पंख्याकडे पाहायला लागले. पंखा बंद होता. "बाहेर ठेवा," म्हणाले. "बाहेरच ठेवा. तुमच्या सोयीनं करा." मी दाराबाहेर पडताना त्यांनी विचारलं, "तब्येत बरी आहे ना?" ते पण पंख्यालाच.

राजदीपचा मोठा शर्ट आहेच. त्याच्या बाह्या कापून मापात आणल्या.

११ मार्च

ऊन सुरू झालं. पाय संध्याकाळपर्यंत फुगतात. बूट गेले, पट्ट्यांची चप्पल आली. वर्दीचं जाड कापड गेलं, त्याच रंगाचं सुती आणलं चंद्रपूरहून. दुकानदाराला म्हटलं, कापड तोंडाला लावून फुंकून बघू द्या. वारा आरपार गेला तेच घेतलं. बाळ आतून लाथा मारतं, दुकानात पण मारत होतं. मी काउंटरवरच "ओ" म्हटलं, आणि सगळ्या गिऱ्हाईक बाया माझ्याकडे पाहून हसल्या. मला सगळ्यांना सांगावंसं वाटतं की बघा, आत्ता मारली.

सासूबाई रोज दुपारी गेटवर डबा घेऊन येतात. उन्हात, डोक्यावर पदर घेऊन, पायी. मी सांगितलं, आई, मी सकाळीच घेऊन येत जाईन. ऐकत नाहीत. डबा देतात आणि समोरच्या बाकावर बसून राहतात. मी काय करते, कोणाशी बोलते यावर नजर ठेवायला येतात, दुसरं काय!

२९ मार्च

नूतनचं काहीतरी बिनसलंय. आधी चहाशिवाय तिचं पान हलायचं नाही, आता चहाचा वास आला की उठून जाते. साहेबांना सांगून फेऱ्या बंद केल्यात, कंबर दुखते म्हणे. दिवसभर माझ्याजवळ बसते, पण बोलत नाही. माझं पोट बघत बसते. मी काल बाळाच्या लाथांचं सांगत होते तर मध्येच उठून गेली.

मीच मूर्ख. तिच्यासमोर एवढं उडायला नको होतं.

१५ एप्रिल

काल जयंती! लिहायला वेळच मिळाला नाही, आज सगळं लिहिते.

पांढरी साडी नेसून आठव्या महिन्यात मिरवणुकीत चालायचं म्हणजे पायात निऱ्या, पोटावर गाठ आणि घाम. मी ठरवलं, नवंच काहीतरी. पांढरं मऊ सुती कापड. छातीखाली चुण्या, तिथून खाली मोकळा घेर. दोन्ही बाजूंना पाठीमागं बांधायचे बंद, आणि दोन मोठे खिसे, त्यात पाण्याची बाटलीसुद्धा मावते. खाली सलवार, पोटावर रुंद मऊ पट्टा. काठाला निळी फीत लावली.

विहाराजवळ पोचले तर पाच-सात बायांनी घेरलं. कोणी घेर धरून बघतंय, कोणी खिशात हात घालतंय. आमच्या गावच्या आशा सेविका सरिताताई, त्या तर मला बाजूला ओढून घेऊन गेल्या. "रंजीता, मी गावभर पोटुशा बाया तपासतो. सगळ्यांच्या पोटावर परकराच्या नाडीचा काळा वळ. सांगून सांगून थकली, ढिली बांधा, ढिली बांधा. ढिली बांधली का परकर सुटते. त्या तरी काय करतीन? तू हा पट्टा शिवून देशील का?"

देईन! एका पायावर देईन!

डीजे लागला. मी थोडीशी नाचले. सासूबाई मागून आल्या आणि कानात म्हणाल्या, "नाच, पण डोलल्यावानी नाच." मग त्या शेजारच्या गावच्या बायांकडे वळून काहीतरी सांगायला लागल्या. माझ्याकडे बोट दाखवून, मग गेटकडे बोट दाखवून, मग हात हवेत गोल फिरवून. माझ्या तक्रारीच असणार. त्या बाया मात्र माझ्याकडे बघून हात जोडत होत्या. कळलं नाही.

२६ एप्रिल

घरात कापडच कापड. रुंद पट्ट्याचे परकर झाले, दोन कुर्ते झाले. नाडीच्या जागी चार बोटं रुंद मऊ पट्टी, बाजूला बांधायची, म्हणजे गाठ पोटावर येत नाही. पहिला परकर नेलेली बाई मोहफुलं वेचायला गेली होती तो घालून. परत येऊन म्हणाली, "दिवसभर वाकली, पण पोटाले समजलंच नाई." याहून मोठं सर्टिफिकेट काय असतं?

आज नूतन घरी आली. म्हणाली, मावसबहीण दिव्यानीसाठी माझ्यासारखी पँट पाहिजे. मी म्हटलं, अगं, तिला घेऊन ये, माप घेते. तर म्हणे, "ती कुठी येते एवढ्या दूर? माझ्यासारखीच हाये ती. माहंच घे माप." टेप लावला तर श्वास धरून, डोळे मिटून उभी राहिली. नूतन थोडी जाड झालीय. फेऱ्या बंद केल्या की होतंच. मी तसं म्हटलं नाही, उगाच अजून रागवायची.

पट्टा जास्त मोठा ठेव म्हणाली. "वाढाले जागा पाह्यजे ना."

१२ मे

ऊन म्हणजे ऊन. पत्र्याखाली बसवत नाही. ओला दुपट्टा डोक्यावर, सुती कुर्ता अंगावर, बाटली खिशात. कोणी म्हणेल वर्दी कुठंय, तर वर्दी हीच. रंग तोच ठेवलाय.

सासूबाईंना विचारलं, तुमच्या वेळी कसं झालं? त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, राजदीपच्या वेळी धान कापणीत कळा सुरू झाल्या. बांधावरच झाला तो. गुंडाळायला काही नव्हतं, म्हणून नेसत्या लुगड्याचा पदर फाडला. "घरी आली तं तुह्या आजेसासूनं पयले लुगड्याकडं पाह्यलं. नवं लुगडं फाडलं म्हणे." एवढंच बोलल्या आणि गाईला पाणी पाजायला गेल्या.

मी आज बाळाला गुंडाळायचं मऊ कापड कापून, शिवून, धुऊन पिशवीत ठेवलं. पिशवी दाराजवळ.

२४ मे

मी किती बावळट आहे!

दुपारी गेटवर एक पोरगी सायकलनं आली. काडीसारखी, दोन वेण्या. नूतनला डबा द्यायला आली होती. मी विचारलं, तू कोण? "मी दिव्यानी, नूतनताईची मावसबहीण. यंदा अकरावीत जाईन."

मी म्हटलं, "मंग पँट कशी बसली तुले?"

"कोणती पँट?"

मी नूतनकडे पाहिलं. नूतन माझ्याकडे पाहत होती. तिनं हळूच शर्ट वर केला. माझीच पँट, माझाच पट्टा, आणि त्याखाली छोटंसं, गोल, टणक पोट.

दिव्यानी गेल्यावर आम्ही दोघी पंख्यासमोर बसलो. ती म्हणाली, "याच्या आधी दोन डाव राह्यलं होतं, रंजी. दोन्ही डाव पयले सगळ्या गावाले सांगितलं, मंग सगळ्या गावाले नाई म्हणून सांगा लागलं. या टायमाले तोंडच उघडाचं नाई असं ठरवलं. मले वाटे, बोलली का जाईन."

"मले तं वाटलं तू माह्यावर चिडली."

"चिडलीच होती. तू पोट घेऊन एवढी बिनधास्त फिरे ना, मले धडकी भरे. अन मंग वाटे, आपल्याले पण असंच फिराचं हाये."

मी तिला मिठी मारायला गेले, पण मध्ये दोन पोटं. आम्ही बाजूबाजूनं मारली.

९ जून

मुलगी!!! परवा. चंद्रपूरच्या दवाखान्यात. काळेभोर केस, लांब बोटं, आणि आवाज असा की शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली, हिचा आवाज गेटपर्यंत जाईन. पुढून बंदांनी बांधायचा गाऊन शिवला होता तो फार कामाला आला, सिस्टर दुसऱ्या बाईला दाखवायला घेऊन गेल्या. बाकी नंतर लिहीन. राजदीप रडला. मी नाही रडले. (थोडी रडले.)

३० जून

आज खरं लिहायचं.

मला वाटलं होतं, बाळ झालं की मी होते तशी होईन. जुनी पँट काढली, मांडीवरच अडकली. पोटाची पँट घातली, ती ओघळून खाली. मी अशी मधलीच कोणीतरी आहे, जिच्या मापाचं घरात काहीच नाही. ब्लाउज दर तासाला ओला. हुक लावेपर्यंत चंचल रडून निळी होते. (नाव चंचल ठेवलं, राजदीपच्या मनानं. शोभतंय.) सासूबाई पोटाला जुन्या साडीचा पट्टा बांधतात, कानाला रुमाल, पूर्ण बाह्यांचं स्वेटर. पाऊस लागलाय आणि मी घामानं भिजलेली. काल मी स्वेटर काढून फेकलं. त्यांनी उचललं, घडी केली, पुन्हा उशाशी ठेवलं. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आरशात बघत नाही. पावसाळ्यात बंद असलेला जंगलाचा आतला भाग, कोअर, एक ऑक्टोबरला उघडतो. तिथं कोण जाणार आहे, मी? या अंगानं?

११ जुलै

सरिताताई बाळाला बघायला आल्या. पट्टा जरा ढिला करवला, स्वेटर काढवलं. सासूबाईंना म्हणाल्या, "बाई, हे थंडीतलं ठीक होतं." सासूबाईंनी मान हलवली आणि संध्याकाळी स्वतः पंखा माझ्याकडे फिरवला. मग म्हणाल्या, "धानाच्या रोवणीले बाया चालल्या. दोघींनी इचारलं तुह्या परकराचं. काय सांगू? शिवतेस का बसतेस रडत?"

मशीनवरचं झाकण काढलं. चंचल मशीनच्या आवाजानं शांत झोपते! हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

१७ ऑगस्ट

डोक्यात एकच. वर्दीच्या शर्टला छातीवर दोन खिसे असतात ना? त्या खिशांच्या मागं दार का करू नये? वरून खिसाच दिसेल. बाळाला घेतलं की बाजूनं उघडायचं.

पहिला शर्ट: चेन लावली. चंचलच्या गालाला टोचली. फेल.

दुसरा: चिकटपट्टी लावली, ती चर्रर्र करून उघडणारी. आवाजानं दचकली आणि दूध सोडून रडायलाच लागली. फेल. तो आवाज जंगलात झाला असता तर हरणं पण पळाली असती.

तिसऱ्याला टिचबटनं. माप नीट बसतंय का बघायला राजदीपला घालायला लावला आणि चंचलला त्याच्या हातात दिलं. तिनं लगेच खिसा शोधून तोंड लावलं. आत बापाची छाती! तिनं डोळे वर करून त्याच्याकडे असं पाहिलं की सासूबाई पदर तोंडाला लावून हसल्या. मी त्यांना एवढं हसताना कधी पाहिलं नव्हतं.

टिचबटन पास. आतून दुहेरी मऊ कापडाच्या घड्या, त्यासुद्धा बटनानं अडकवायच्या, ओल्या झाल्या की काढून दुसऱ्या लावायच्या. कापड सासूबाईंच्या जुन्या लुगड्याचं. मी मागितलं नव्हतं. सकाळी मशीनवर घडी करून ठेवलेलं होतं.

८ सप्टेंबर

भांडण. साहेबांचा निरोप आला, एक तारखेला येता का, गाईडांचे नंबर लावायचेत. मी हो म्हणाले. राजदीप म्हणाला, "घाई काय हाये? पुढच्या वर्षी जा." मी म्हटलं, पुढच्या वर्षी म्हणता म्हणता किती बाया घरीच राहिल्या, मोजू का? तो म्हणाला, "फेरीत चार तास लागते. लेकरू उपाशी राह्यलं तं? तुह्याच अंगाले त्रास झाला तं? जंगलात गाडी अडकली का निघता नाई येत, तुले माहीत नाई का?" मला माहीत आहे. तेच तर मला पण रोज वाटतं. म्हणून जास्त जोरात ओरडले.

सासूबाई भाकरी थापत होत्या. म्हणाल्या, "मी बसीन तिले घेऊन गेटवर. नूतन हाये तिथी. निघाच्या आधी पाजाचं, आल्यावर पाजाचं, मधात लागलं तं वाटी-चमच्यानं काढलेलं दूध मी देईन. चार तास काही लय नाई." मग तव्यावरची भाकरी उलटवून राजदीपला, "अन तू गाडी सांभाळून चालव. मी नात पोसतो, तू धक्के चुकव."

बाई गं! मला वाटत होतं, या मला गेटवरून ओढून घरी नेणार.

१ ऑक्टोबर

आज!!!

पहाटे अंधारात चंचलला पोटभर पाजलं. शर्ट चढवला, पँट नाडीवाली, कारण जुनी अजून बसत नाही आणि मी तिची वाट बघणं सोडलंय. गेटवर नूतन, आठव्या महिन्याचं पोट घेऊन, खुर्चीवर राणीसारखी. ओळखपत्रं तपासत होती. मला बघून म्हणाली, "पर्यटक मॅडम, तुमचं ओळखपत्र?" साहेबांनी मला राजदीपचीच गाडी दिली. अमरावतीचं एक कुटुंब होतं, आजी, सून, मुलगा, दोन नातवंडं. चंचलला सासूबाईंच्या मांडीवर ठेवून गाडीत चढले. फाटक उघडलं. मागं वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर उतरले असते.

आणि मग जंगल! पावसानं धुतलेलं, गवत माणसाएवढं, कोळ्यांची जाळी दवानं चमकणारी. मी बोलत सुटले. मोर, रानकुत्र्यांच्या पाऊलखुणा, अस्वलानं खोदलेलं वारूळ. सगळं तोंडपाठ होतं, काहीच विसरले नव्हते!

परतायची वेळ झाली आणि वळणावर वाघीण. रस्त्याच्या मधोमध बसलेली. मागं गवतात दोन पिल्लांचे कान. आमच्या मागं चार गाड्या लागल्या. पुढं जाता येत नाही, मागं घेता येत नाही. सगळे श्वास धरून. तिला काय घाई? ती पंजा चाटत बसली.

पंधरा मिनिटं, वीस. आणि मला छातीत तो ताण जाणवला. आला. चंचलच्या वेळेला बरोबर आला. मी दातांवर दात धरून हळू आवाजात सांगत होते, पिल्लं दीड-दोन वर्षं आईजवळ राहतात. आतल्या घड्या भिजत होत्या, मला कळत होतं. राजदीपनं आरशातून माझ्याकडे पाहिलं, गळ्यातला दुपट्टा काढून मागं दिला. मी मांडीवर ठेवला. पण डाव्या घडीनं हात टेकले. खिशाखाली रुपयाएवढा ओला डाग. मी दुपट्टा वर घ्यायला लागले तेवढ्यात शेजारच्या आजींनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"किती महिन्यांचं?" कुजबुजल्या.

"चौथा चालू आहे. मुलगी आहे."

"राहू दे गं. इथं सगळे वाघिणीकडं बघताहेत."

खरंच बघत होते. मी दुपट्टा खाली ठेवला आणि पिल्लांविषयीचं राहिलेलं सांगून टाकलं.

वाघीण उठली, आळस दिला, गवतात गेली. पिल्लं मागं. राजदीपनं गाडी अशी काढली की एक खड्डा लागला नाही. मला त्या रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा माहीत आहे, म्हणून सांगते.

फाटकापाशी सासूबाई उभ्याच होत्या. चंचलचा आवाज गाडी थांबायच्या आधीच ऐकू आला. वाटी-चमचा तिनं थुंकून टाकला होता. मी पुढच्या सीटवर राजदीपच्या शेजारी बसले, तिला घेतलं, खिसा बाजूला केला, टिच. शांत. पूर्ण मोहर्ली शांत.

साहेब धावत आले, हातात नोंदीचं पॅड. "वाघीण दिसली म्हणे? कुठं? पिल्लं किती?" मी सगळं सांगितलं. वळण, दिशा, दोन पिल्लं, एकाची शेपटी जरा आखूड. साहेब माझ्या तोंडाकडे बघून लिहून घेत होते. लिहून झालं तेव्हा म्हणाले, "छान, छान. आणि तुमची मुलगी कुठं आहे? दाखवा तरी."

"जेवून राह्यली, साहेब."

साहेबांनी खाली पाहिलं. मग एकदम आकाशाकडे. नूतन खुर्चीवर पोट धरून हसत होती, सासूबाई तिला ओरडत होत्या, हळू हस, हळू हस. साहेब आकाशालाच म्हणाले, "दुपारच्या फेरीला नंबर लावू का?"

मी राजदीपकडे पाहिलं. तो स्टेअरिंगवर बोटं वाजवत पुढं बघत होता. म्हणाला, "लावा साहेब. मी हाये गाडीवर."

आता दुपारचा एक वाजलाय, चंचल झोपलीय. शर्ट धुऊन, घट्ट पिळून तारेवर टाकलाय, ऊन छान आहे, दोन तासांत वाळायला पाहिजे. दुसरा शर्ट शिवायचाच राहिला! सासूबाई तारेखाली उभ्या आहेत, बाह्या झटकून झटकून वारा घालताहेत. मी हाक मारली, आई, जेवून घ्या. त्या म्हणाल्या, "तूच जेव पयले. तुले जंगलात जाचं हाये."